घोडा इथे, स्वार तिथे

पहिला दिवस, गुरुवार

नाशिकरोडच्या फलाटावर सकाळी साडेसहाला अकरा माणसं आणि तेवीस पिशव्या. जानेवारीची थंडी अशी, की सरांनी कानटोपीवरून मफलर गुंडाळला होता. तरी उजवा हात मात्र उघडाच, आणि समोर बसलेल्या हमालाचं स्केच चाललेलं. हमाल उठून गेला, त्या जागी चहावाला येऊन टेकला. सरांनी हमालाच्या धडावर चहावाल्याचं डोकं बसवलं आणि वही मिटली. "गाडी यायच्या आत माणूस पुरा झाला पाहिजे, मग तो कुणाचा का असेना."

सर म्हणजे आमचे शाळेतले ड्रॉइंगचे सर. आता वय 74. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना अर्ध्या नाशिकला त्यांनीच बसवलं असेल. निवृत्तीनंतर ते दर रविवारी गोदाघाटावर जाऊन बसायला लागले. एकेक जुना विद्यार्थी शेजारी येऊन बसत गेला आणि गट झाला. त्यात आता एक डॉक्टरीणबाई आहेत, दोघी जावाजावा आहेत, एक आर्किटेक्ट मुलगा आहे, नववीतली एक मुलगी आणि तिचे वडील आहेत. मी पोस्टात. जागेवर बसून, समोर दिसतं तेच काढायचं, फोटोवरून नाही, एवढंच आमचं तत्त्व. जगभर असे गट आहेत, 2007 साली अमेरिकेतल्या सिएटलमधून 'अर्बन स्केचर्स' नावानं ही चळवळ पसरली, हे आम्हाला आर्किटेक्टनं नंतर सांगितलं. सरांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. "म्हणजे निसर्गचित्र," ते म्हणाले.

नियम तीनच. खोडरबर आणायचा नाही. एका वस्तूसमोरून पाऊण तासाच्या आत उठायचं नाही. आणि दिवस संपला की सगळ्या वह्या उघड्या करून जमिनीवर मांडायच्या. याला आम्ही वह्यांची पंगत म्हणतो. पंगतीत कुणीही 'छान' म्हणायचं नाही. म्हटलं तर दहा रुपये दंड, चहाच्या डब्यात.

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये रोज मुंबईला जाणारी मंडळी इतकी सराईतपणे झोपतात, की माणसं काढायला याहून चांगलं मॉडेल नाही. मान कुठल्या कोनात पडते, हात मांडीवर कसा सुटतो, सगळं दिसतं. इगतपुरीला चहा-वडा झाला आणि घाट उतरताना सगळ्यांच्या रेषा थरथरल्या. माझ्या पहिल्या पानावरचा झोपलेला माणूस भूकंपात सापडल्यासारखा दिसतो.

मुंबईत उतरल्यावर सामान कुठे टाकायचं यात तासभर गेला. दादरला एका ओळखीनं मंगल कार्यालयाची वरची खोली मिळाली होती, गाद्या भाड्याच्या. त्याबद्दल एवढंच लिहिते, की खाली लग्न होतं आणि बॅन्ड चांगला होता.

दुपारी परत बोरीबंदर, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सगळी इमारत काढायची हौस कुणी करायची नाही, असं सरांनी बजावलं होतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सला ती बांधायला 1878 पासून दहा वर्षं लागली, तुम्हाला पाऊण तास आहे. म्हणून वाटणी केली. दारातल्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मला वाघ आला. समोरच्या फुटपाथवर उभं राहून काढायला लागले, तर दर दहा सेकंदांनी माझ्या आणि वाघाच्या मधून एक बस जायची. मग लक्षात आलं, बस गेली की वाघ दोन-तीन सेकंदच दिसतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत आपण फार नीट बघतो. भिंतीवरच्या पानाफुलांत मोर, खारी, माकडं दडलेली आहेत. कोरीव कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे ऐकल्यावर नववीतली मुलगी बराच वेळ एका खारीकडेच बघत राहिली. तिला जे. जे.ला जायचंय. वडिलांना तिनं इंजिनिअर व्हावंसं वाटतं. ते सोबत आलेत ते बहुधा लक्ष ठेवायला, पण एक वही त्यांनीही विकत घेतली आहे.

संध्याकाळी काळा घोडा चौक. मी लहानपणी मामाकडे यायचे तेव्हा मामा सांगायचा, इथे घोडा नाहीच, नुसतं नाव आहे. आता आहे. 2017 मध्ये बसवलेला, काळाभोर, आणि पाठीवर कुणीही नाही. जीन नाही, लगाम नाही. आम्ही पार्किंगच्या कडेला ओळीनं बसलो. घोड्याचे पाय हा चित्रकाराचा जुना शत्रू. ढोपर मागे की पुढे, यात दोघी जावांचं भांडण लागलं. धाकटी म्हणाली, टांगेवाल्याच्या घरात वाढलेय मी, मला सांगू नका.

पंगतीत मुलीच्या वहीत घोड्याच्या वर अर्धं पान कोरं होतं.

"वर जागा का सोडलीस गं?"

"माणूस येईल ना तिथे. आहे कुठे तो?"

"भायखळ्याला," आर्किटेक्ट म्हणाला. "परवा भेटू त्याला."

दुसरा दिवस, शुक्रवार

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. आम्ही आठलाच बाहेरच्या फुटपाथवर, आधी बाहेरून घुमट काढायला. बसलेल्या अकरांपैकी नऊ जणांनी घुमट लहान काढला. असं नेहमी होतं. उंचावरची गोष्ट आपण मनानंच छोटी करून टाकतो. सरांनी पेन्सिल हात लांब करून उभी धरायला लावली आणि मापं घ्यायला लावली. मग कळलं, हा विजापूरच्या गोलघुमटाचा नातलग आहे, तोरा तसाच. जॉर्ज विटेटनं आराखडा केला तेव्हा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला होता. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच.

खरी पंचाईत दगडाची. भिंती दोन रंगांच्या दगडांच्या आहेत. निळसर काळा बेसाल्ट कुर्ल्याचा आणि पिवळट दगड मालाडचा. हातात एकच पेन्सिल. काळ्या दगडाला आडव्या रेषा आणि पिवळ्याला कोरा कागद, अशी युक्ती डॉक्टरीणबाईंनी काढली आणि सगळ्यांनी ती निर्लज्जपणे उचलली.

या इमारतीचा जन्मही रखडतच झाला. 11 नोव्हेंबर 1905 ला प्रिन्स ऑफ वेल्सनं, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जनं, कोनशिला बसवली. इमारत 1914 ला उभी राहिली, तोवर महायुद्ध लागलं आणि म्युझियमच्या जागी जखमी शिपायांचं इस्पितळ झालं. लोकांसाठी दारं उघडली ती 10 जानेवारी 1922 ला. सोळा वर्षं. नाशिकच्या कुठल्याही उड्डाणपुलाची आठवण यावी.

आत फक्त पेन्सिल, असं आधी पत्रानं विचारून ठेवलं होतं. रंग, पाणी, शाई सगळं सामानघरात. घडीची स्टुलं आम्हीच नेली नाहीत, लोकांच्या पायात येतात. तिकीट काढून आत शिरलो, मधल्या दालनात आलो आणि मी थांबले.

समोर कोरीव लाकडी खांब. खांबांवर कमानी, कमानींचं रिंगण, त्यावर सज्जाचा लाकडी कठडा, आणि सगळ्याच्या वर घुमट. बाहेरून दगडाची इमारत आणि पोटात लाकूड. मी शाळेच्या सहलीत इथे येऊन गेले होते. तेव्हा खांब पाहिल्याचं आठवत नाही. वाघ पाहिला होता आणि आइस्क्रीम खाल्लं होतं.

"ओळखलंस का?" सर मागून म्हणाले.

"काय?"

"आपल्याकडचं आहे. नाशिकच्या वाड्यातलं. विटेटनं तिथून विकत आणलं आणि इथे बसवलं."

मला आधी वाटलं, सर गंमत करताहेत. तशी सवय आहे त्यांना. पण खरंच आहे. नाशिकच्या एका वाड्याचा मंडप उचलून आणला आणि मुंबईच्या पोटात बसवला. वाड्याला असतो चौक, चौकोनी. इथे त्याचं रिंगण झालंय. लोक खालून जातात, मान वर करतात, घुमट बघतात आणि पुढे जातात. खांबाला कुणी हात लावत नाही. लावायचाही नसतो, पण वाड्यातला खांब म्हणजे येता-जाता हात लावायचीच वस्तू. आमच्या वाड्यातल्या खांबांना मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत तेलकट चकाकी होती.

आमचा वाडा जुन्या नाशकात होता. 2004 ला तो बिल्डरला दिला. भावकी मोठी, प्रत्येकाच्या वाट्याला दीड खोली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तक्रार नाही. खांब, तुळया, दिंडी दरवाजा हे सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं एका सकाळी टेम्पोत भरून नेलं. मी तेव्हाही चित्रं काढत होते. काळाराम काढला, सुंदरनारायण काढला, नारोशंकराची घंटा तर किती वेळा काढली असेल. वाडा एकदाही काढला नाही. रोजचा होता, त्याचं काय काढायचं? इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला 'दिवाळीची सकाळ' विषय आला होता. त्यातही मी फ्लॅटची गॅलरी काढली, कारण वर्गात सगळे तशीच काढत होते.

त्या दालनात मी पाऊण तास नाही, पावणेतीन तास बसले. उजव्या पानावर समोरच्या कमानी. खांबाच्या तळापासून सुरुवात केली, कारण सर सांगतात, वजन जिथे टेकतं तिथून सुरू कर. डावं पान कोरं होतं. तिथे, का कुणास ठाऊक, आमचा सोपा, म्हणजे वाड्याची ओसरी, काढायला लागले. ओटा. मागे देवघराचं दार. कोनाडा, त्यात रॉकेलची चिमणी. माळ्याचा जिना, ज्याची तिसरी पायरी वाजायची. तो जिना कुणीही चोरून चढू शकत नसे. सगळं आलं, आणि खांबांपाशी पेन्सिल अडली. सोप्याला खांब किती होते? सुरूच्या घाटाचे, घडीव, हे पक्कं. किती, ते आठवेना.

बाहेर जाऊन भावाला फोन लावला. तो त्याच घरात तीस वर्षं राहिला.

"सहा," तो म्हणाला.

"सहा कसे? मग मधला खण कुठे जाईल?"

"मग चार असतील. तू मुंबईला जाऊन हे का विचारतेयस?"

"आत्याला विचार ना."

"तिला फोनवर ऐकू येत नाही. बघतो."

परत येऊन बसले. माझ्याजवळचा रखवालदार बराच वेळ येऊन-जाऊन वहीत डोकावत होता. शेवटी म्हणाला, "छान काढलंय ताई." त्याला दंड लागू आहे का, यावर संध्याकाळी बराच खल झाला. सरांनी निकाल दिला, की नियम गटाला आहे, जनतेला नाही.

बाकीच्यांनी त्या वेळात पुष्कळ पाहिलं. शिल्पदालनात घारापुरीहून आलेली महिषासुरमर्दिनी आहे. हातपाय तुटलेले, तरी अंगातला झोक शाबूत. डॉक्टरीणबाईंनी तिच्या फक्त कमरेची रेषा काढली, एकच रेषा, पाच पानांवर पाच वेळा. ऐहोळेच्या देवळाच्या छतातले मोठे शिल्पपट इथे भिंतीला आहेत. घडवले तेव्हा लोकांनी मान वर करून पाहायचे म्हणून घडवले, आता समोरासमोर दिसतात. आर्किटेक्टनं म्हणून जमिनीवर उताणं पडून काढायची परवानगी मागितली. मिळाली नाही, आणि बरोबरच आहे. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपाची भाजल्या मातीची शिल्पं सगळ्यांना आवडली. त्यातल्या एका कमळ धरलेल्या भक्ताच्या चेहऱ्यावर इतका साधा भाव आहे, की थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, आमच्या गावच्या पोस्टमनसारखा आहे.

मुलगी निसर्गविभागात. काचेमागे रंगवलेलं जंगल आणि त्यात गवा, धनेश, वाघ. हे प्राणी हलत नाहीत, याचा तिला केवढा आनंद. वडीलही शेजारी बसून गवा काढत होते. त्यांचा गवा म्हशीवर गेला होता, पण शिंगांचं मोजमाप इतकं काटेकोर, की सरांनी ते पान सगळ्यांना दाखवलं. घरी आल्यावर समजलं, हे गृहस्थ टर्नर आहेत, लेथवर काम करणारे, आयुष्यभर मिलिमीटरमध्ये जगलेत.

पंगत ओव्हल मैदानाच्या कडेला, क्रिकेटचे चेंडू चुकवत. नंतर एका हॉटेलात कुणीतरी मिसळ मागवली. नाशिककरानं मुंबईत मिसळ मागवू नये, हे पुन्हा सिद्ध झालं. यापुढे काही लिहीत नाही.

तिसरा दिवस, शनिवार

भायखळा. राणीच्या बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. बाग, प्राणिसंग्रहालय आणि म्युझियम एकाच आवारात, सुमारे 50 एकरांवर. तिन्ही बुधवारी बंद असतात. गुरुवारी निघायचं ठरवलं ते म्हणूनच.

सकाळी आधी झाडं. 1860 च्या दशकात लावलेली ही बाग, त्यामुळे झाडं अशी आहेत, की त्यांच्यासमोर वही लहान पडते. गोरखचिंचेची पानं झडलेली होती. दोन जणांनी मिळून, वह्या शेजारी शेजारी धरून, एक खोड काढलं. मधोमध दोघांच्या रेषा जुळल्या नाहीत. कैलासपतीला फुलं खोडावरच येतात, दोरखंडांना लोंबावीत तशी, आणि शेजारी तोफगोळ्यांसारखी फळं. फुलाच्या मध्यात पिंडी आणि तिच्यावर नागाची फणी दिसते, म्हणून ते नाव. पण काढायला बसलं, की फणी म्हणजे किती बारीक केसरांचा कंगवा आहे ते कळतं. धाकट्या जाऊबाईंनी दोन तास त्यातच घालवले. उर्वशी नुकती फुलायला लागली होती. लाल-गुलाबी घोस उलटे झुंबरासारखे. तिथे मात्र रंग काढायची मुभा होती आणि मी घाईत पाण्याची बाटली उपडी केली, ती थेट सरांच्या पानावर. त्यांची उर्वशी वाहून गेली. सरांनी ओल्या डागावरच चार ठिकाणी टोकदार ब्रश टेकवला आणि घोस परत आला. माझ्याकडे बघितलंही नाही. शाळेत असते तर वर्गाबाहेर उभी असते.

पेंग्विन बघायला रांग मोठी. 2017 पासून लोकांना बघता येणारे हे हम्बोल्ट पेंग्विन म्हणजे भायखळ्याचं नवं दैवत आहे. पाऊण तासाचा नियम इथे मोडला, कारण मागची रांग उभी राहू देत नाही. पाण्यातला पेंग्विन म्हणजे एक रेघ, ती ओढेपर्यंत तो पलीकडे. मुलीच्या पानावर अठरा रेघा आणि एक चोच. मला वाटतं, चारही दिवसांतलं ते सगळ्यात खरं पान असेल.

मग आम्ही स्वाराला भेटायला गेलो.

म्युझियमच्या आवारात जुन्या साहेबांचे पुतळे आहेत. मुंबईच्या चौकाचौकांतून 1960 च्या दशकात हलवून इथे आणलेले. त्यातच तो मूळचा काळा घोडा, पाठीवर इंग्लंडचा सातवा एडवर्ड. पुतळा 1879 चा, घडवला बोहमनं, शहराला दिला अल्बर्ट ससूननं. तेव्हा एडवर्ड राजा नव्हता, युवराज होता. काल ज्या म्युझियमची कोनशिला पाहिली ती बसवणारा पाचवा जॉर्ज म्हणजे ह्याचाच मुलगा. 1965 ला घोडा इथे आला आणि नाव मात्र चौकात राहिलं, इतकं घट्ट, की पन्नास वर्षांनी नावासाठी नवा घोडा करावा लागला. मी हे सगळं सांगत होते तेव्हा मुलीनं गुरुवारचं पान उघडलं. घोड्यावरच्या कोऱ्या जागेत स्वार काढायला लागली. इथला स्वार, तिथल्या घोड्यावर. मापं जुळेनात. स्वार घोड्याच्या मानेवर बसला.

"खाली ढकल त्याला," वडील म्हणाले.

"खोडरबर नाही ना."

"मग घोडा थांबवायला म्हणून पुढे झुकलाय असं दाखव."

आणि तसं दिसलंही. टर्नरबाबांचा हा सल्ला सरांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

म्युझियमच्या बाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बंदरावर हा उभा होता. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1814 ला त्याची मान आणि डोकं कोसळलं. 1864 ला साहेबानं तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं, पण उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत येऊन पडले आणि 1914 ला जोडून पुन्हा हत्ती केला. काढायला बसलं, की हत्तीच्या रेषा आणि जोडाच्या रेषा यांतली कुठली घ्यायची हा प्रश्न येतो. मी दोन्ही घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी फक्त जोड काढले. पान बघितलं, तर हत्ती नाही, टाके दिसतात, आणि त्या टाक्यांतून हत्ती कळतो. पेशा लपत नाही.

आत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1862 ला पाया, 1872 ला उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट. गोव्यात जन्मलेल्या या डॉक्टरनं जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबरीनं वर्गणीसाठी खटपट केली होती. त्यांचं नाव म्युझियमला मिळायला 1975 उजाडलं. आत पाऊल टाकल्यावर माणूस आधी छताकडे बघतो. हिरव्या-सोनेरी नक्षीचे खांब, झुंबरं, लोखंडी कठडे. आमच्यातल्या पाच जणांनी छतच काढायला घेतलं आणि पाचही जण मानेला बाम लावून झोपले. मी कपाटांकडे गेले. मातीची वीतभर माणसं. निरनिराळ्या जमातींची, निरनिराळ्या धंद्यांची. पगडी काढायची तर तिचा पीळ कुठून सुरू होतो ते बघ, असं सर सांगत होते. कुठल्याही दोन पगड्यांचा पीळ सारखा नसतो. पीळ चुकला की माणसाची जात, गाव आणि धंदा तिन्ही बदलतात. या माणसांसमोर बसून चार पानं झाली. पाचवं पान उघडताना शुक्रवारचा सोपा दिसला, खांबांविना, छत अधांतरी.

भावाला मेसेज केला. आत्या लग्नाला गेलीय, असं उत्तर आलं. आमच्या खाली दादरलाही लग्नच होतं.

चौथा दिवस, रविवार

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी जाऊ नये. सोमवारी ते बंद असतं, म्हणून रविवारी जावं लागलं. फाटकापासून कान्हेरीपर्यंत बस, बसमध्ये सगळी मुंबई, आणि मुंबईच्या हातात वेफर. वेफरांच्या मागे माकडं. एका माकडानं थोरल्या जाऊबाईंचा पोळ्यांचा डबा नेला, उघडला, पोळ्या टाकल्या आणि लोणचं खाल्लं. त्यांना अजून तो अपमान वाटतो.

वर मात्र मोकळं आहे. शंभराच्या वर लेणी, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं लोक इथे खोदत होते. सगळे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याकडे, म्हणजे प्रार्थनागृहाकडे वळले. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती. मी खालच्या पायऱ्या आणि पाण्याच्या पोढ्यांपाशी, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांपाशी बसले. कातळावर पडलेला पाऊस पन्हळीतून पोढीत यावा, अशी सगळी सोय. ज्यानं पन्हळ खोदली त्याचा हात कुठे वळला ते अजून दिसतं. रंग काढले. काळा कातळ काळा नसतो, जांभळा असतो, आणि दुपारी अकराला त्याच्या सावलीत निळा उतरतो.

तिथे बसल्यावर लक्षात आलं, की चार दिवसांत कुणी उचलून न आणलेलं असं मी पहिल्यांदाच काढतेय. हे न्यायचं म्हटलं तर डोंगर न्यावा लागेल. शेजारी सर होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग सावली नीट टाक, ती तेवढी हलतेय."

शेवटची पंगत तिथेच, कातळावर, वहीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून. दंडाचा डबा मोजला, एकशे नव्वद रुपये. त्यातले सत्तर टर्नरबाबांचे. ते मुलीच्या प्रत्येक पानाला छान म्हणत होते आणि मुकाट पैसे टाकत होते.

लोकलनं बोरीबंदर, तिथून संध्याकाळची पंचवटी. गाडीत शिरताच सगळे झोपले, सरही. आता मॉडेल आम्हीच होतो आणि काढायला मी एकटी. पण मी सोपा उघडला. चार की सहा, आता थांबायचं नाही असं ठरवलं. मधला खण मोकळा पाहिजे, देवघराचं दार त्यातून दिसायचं, म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे. चार. कल्याण गेल्यावर शाईचं पेन काढलं आणि चारही खांब पक्के केले. सुरूचा घाट, खाली दगडी तळखडा, वर तुळई. पहिल्यांदाच छताला आधार आला.

कसाऱ्याच्या पुढे घाटात फोन वाजला. आत्या. लग्नघरातून, मागे सनई.

"पाच होते गं!" ती ओरडत होती. "चार नाही, पाच. जिन्याजवळचा भिंतीत अर्धा घेतलेला, म्हणून तुम्हा पोरांना..." बोगदा आला. आवाज गेला. बोगदा संपला तेव्हा ती सांगतच होती, "...तुझ्या आजोबांच्या बाराबंदीची खुंटी त्यालाच. विसरलीस होय?"

खुंटी आठवली. पानावर जिना कडेला, शिवणीला चिकटून काढला होता. शाई वाळली होती. पाचवा खांब शिवणीत अर्धाच मावला. खुंटी उजव्या पानावर गेली, म्युझियमच्या कमानीत.